नोराचा जमाखर्च
(रंगमंचावरच्या नायिका : लेखांक ४)

‘अ डॉल्स हाउस’चे कथानक गेल्या आठवड्यात पाहिले. हेन्रिक इब्सेनचे हे नाटक २१ डिसेंबर १८७९ रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये प्रथम रंगमंचावर आले. तेव्हापासून बोलले जाते ते नोराच्या घर सोडून जाण्याबद्दल. पण ती का गेली हे कळायला तिच्या पैशांचा हिशेब पाहावा लागतो.

पहिल्या अंकात नाताळची तयारी चालू आहे. भेट काय हवी, असे नवरा टोरवाल्ड विचारतो. नोरा म्हणते, रोख पैसेच द्या, सोनेरी कागदात गुंडाळून नाताळच्या झाडाला टांगेन. टोरवाल्डच्या मते बायको उधळी! प्रत्यक्षात ती कर्ज फेडते आहे. लग्नानंतर लवकरच तो गंभीर आजारी पडला होता. दक्षिणेकडे हवापालटाला नेल्याशिवाय तो वाचणार नाही, असे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. नोराने क्रोगस्टाडकडून गुपचूप बाराशे स्पेसीडालर उचलले, त्याला इटलीला नेले आणि पैसे वडिलांनी दिल्याचे भासवले.

हप्ते फेडायला तिने कपड्यांच्या पैशांतले निम्मे मागे टाकले. एका हिवाळ्यात खोलीचे दार लावून रात्र रात्र नकला उतरवून दिल्या. जीव थकून जायचा. तरी बसून कमावताना आपण जणू पुरुषच आहोत असे वाटायचे, हे ती मैत्रिणीला सांगते. स्वातंत्र्याची पहिली चव तिला लागली ती इथे, शेवटच्या अंकाच्या कितीतरी आधी.

कायदा मात्र तिला व्यवहार करू देत नव्हता. नवऱ्याच्या संमतीविना बायकोला कर्ज काढता येत नसे; नॉर्वेत विवाहित स्त्री कायद्याने सज्ञान ठरली ती १८८८मध्ये. म्हणून जामीन वडील. तेही मरणपंथाला लागलेले, तेव्हा त्यांची सही नोरानेच ठोकली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखालची तारीख पडली २ ऑक्टोबरची! क्रोगस्टाडने तिला नेमके इथे पकडले.

बिंग फुटल्यावर नवरा सगळा दोष स्वतःवर घेईल, अशी नोराची खात्री होती. टोरवाल्डला सुचली ती स्वतःची अब्रू; मुले वाढवायला तू लायक नाहीस, असेही त्याने सुनावले. कर्जाचा कागद परत येताच ‘मी वाचलो’ म्हणत तो उदारपणे क्षमा करायला निघाला. ज्याचा जीव तिने वाचवला, त्याच्या लेखी ती गुन्हेगार आणि माफ करण्याजोगे लेकरू, एवढीच होती.

म्हणूनच निघताना ती अंगठी परत करते, फक्त स्वतःचे सामान घेते आणि गरज पडली तर पैसे पाठवीन म्हणणाऱ्या टोरवाल्डला साफ नकार देते. आठ वर्षे लाडीगोडीने मागून, लपवून पैसा उभा करणाऱ्या बाईचा हा नकार दार ओढून घेण्याइतकाच मोठा आहे.

पुढच्या लेखांकात : जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला लिहावा लागलेला दुसरा शेवट आणि अनंत काणेकरांचे मराठी ‘घरकुल’.