चौकट : लष्करातून निघालेली पहिली गाडी

लष्करातून निघालेली गाडी घ्यायची हौस असली की नजर आधी जोंगावर जाते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीसेक वर्षं बनलेली, मूळ निसान पॅट्रोलची ही गाडी दिसायला राजेशाही. पण ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पोसणं म्हणजे दारात हत्ती बांधणंच, आणि सुट्या भागांसाठी जुन्या बाजारांत चकरा. पहिलीच गाडी असेल तर माझं मत सरळ जिप्सीला. १,२९८ सीसीचं इंजिन गल्लीतला मेकॅनिकही खोलतो.

नव्या रंगाला भुलू नका. रबरी मॅट उचला, गाडीखाली आडवे व्हा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चेसीस ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं किंवा पापुद्रा हातात आला तर कपडे झटकून घरी या. इंजिन बदलता येतं, सडलेली चेसीस जन्माला पुरते. फोर-बाय-फोरचा दांडा पडतो का, हे मातीत चालवूनच बघा.

कागद त्याहून महत्त्वाचे. लष्करी गाडीच्या नोंदणीला आरटीओ फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र मागतं. चेसीस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा. उमटलेला आकडा प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. ‘कागद मागाहून देतो’ म्हणणाऱ्याला बयाणा देऊ नका.

आणि हो, तो ऑलिव्ह हिरवा रंग काढावाच लागेल. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.