महाडची पेठ आणि आगोटीचे गणित

कोणता धंदा, कोठे आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठी करायचा, तसेच कोणता सोडून द्यायचा, या निवडीला व्यवसायाचे धोरण म्हणतात. माल आणणे, तयार करणे, साठवणे आणि वेळेवर पोचवणे हा रोजचा कारभार परिचालन व्यवस्थापनात मोडतो. धोरण आखताना कारखान्याच्या या कारभाराचा विचारच होत नाही, अशी तक्रार हार्वर्डचे विकहॅम स्किनर यांनी १९६९ मध्ये एका लेखात केली आणि तो लेख गाजला. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात मात्र ही फारकत परवडणारी नाही, कारण इथे धंद्याची जागा एकदा ठरली की पुढचे बरेचसे सावित्री नदी ठरवते.

महाडची पेठ जिथे आहे तिथे ती का वसली, याचे उत्तर वाहतुकीत आहे. बाणकोटच्या खाडीतून मोठी गलबते दासगावपर्यंत आणि लहान होड्या भरतीबरोबर महाडपर्यंत येत. घाटावरून बैलांच्या पाठीवर गूळ, हिरडा उतरे आणि खालून मीठ, सुकी मासळी वर चढे. माल जिथे एका वाहनावरून दुसऱ्यावर चढतो, तिथे हमाली, वखार आणि सौदा ही तिन्ही ओघाने येतात, म्हणून अशा जागी पेठ उभी राहते. धोरण म्हणून ही निवड चोख होती. परंतु भरतीचे पाणी जिथवर येते ती जागा सखलच असणार, आणि महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री डोंगरातला पाऊस घेऊन खाली येत असता समोरून भरती लागली की पाण्याला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराने हेच दाखवले.

अशा मुलखात साठ्याचे शास्त्र कोणी शिकवायला यावे लागले नाही. पावसाळ्यात बंदरे बंद आणि वाटा बिकट, त्यामुळे धान्य, मीठ, मसाला, सुकी मासळी, सरपण यांची बेगमी आधीच करून ठेवायची, ही कोकणातली आगोट होय. मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ म्हणजे पुरवठ्याचा अवधी. तो जितका लांब आणि बेभरवशाचा, तितका राखीव साठा मोठा लागतो. टोयोटाने रुजवलेली, गरजेपुरता माल गरजेच्या वेळीच आणण्याची पद्धत साठ्यात अडकलेले भांडवल मोकळे करते खरी, पण ती भरवशाच्या रस्त्यावर उभी असते. महाडच्या दुकानदाराची अडचण दुहेरी आहे: जुलैत माल कमी ठेवला तर रस्ता बंद पडताच दुकान रिकामे, आणि जास्त ठेवला तर पुरात नुकसान मोठे. मग माल किती घ्यायचा याइतकेच तो पोटमाळ्यावर किती चढवायचा, हेही त्याच्या हिशेबात येते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांपुढे हाच पेच वेगळ्या रूपात येतो. तिथे पुष्कळसे उत्पादन बॅचने होते, म्हणजे ठरावीक कच्चा माल रिअॅक्टरमध्ये भरून प्रक्रिया पुरी झाल्यावरच पुढची बॅच लागते. एक रसायन संपले तर बाकी सारे हाताशी असूनही रिअॅक्टर बसून राहतो. ज्वालाग्राही द्रावकांची आगोट मात्र हवी तेवढी करता येत नाही, कारण तिथे साठा हाच धोका असतो.

राखीव साठ्यासारखाच राखीव क्षमतेचा प्रश्न या पट्ट्यातून जाणाऱ्या महामार्गालाही सुटलेला नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहनांसह वाहून गेला आणि अनेकांचे प्राण गेले. शेजारी दुसरा पूल होता, म्हणून महामार्ग कायमचा तुटला नाही. एरवी असा जोडपूल कागदावर जादा खर्चच दिसला असता. नवा पूल १६५ दिवसांत उभारून जून २०१७ मध्ये खुला झाला. कामांच्या ज्या साखळीत एका कामाची दिरंगाई सारा प्रकल्प लांबवते, तिला निर्णायक मार्ग म्हणतात, आणि १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत तो मार्ग शोधण्याची पद्धत आकाराला आली. नदीपात्रातले पायाचे काम अशाच साखळीत येते आणि त्याच्यासाठी पाऊस थांबत नाही, हे ध्यानात घेतले की या पुलाची घाई समजते.

पोलादपूरच्या पुढे आता धोरणाचा प्रश्न आला आहे. कशेडी घाटाखालून बोगदा झाल्याने घाटमाथ्यावर चहा-वडापावला थांबणारी गाडी खालूनच निघून जाते. चव, स्वच्छता, तत्परता यांत घाटातला हॉटेलवाला कितीही सुधारला, तरी ते परिचालन झाले. गिऱ्हाईकच ज्या वाटेने येत नाही तिथे राहायचे की बोगद्याच्या तोंडाशी जायचे, हे त्याला आधी ठरवावे लागेल, आणि तिथल्या जागेचा भाव काही त्याच्यासाठी थांबणार नाही.