पावसाळ्यात आणलेली रोपं गणपतीपर्यंत का टिकत नाहीत? समजून घ्या बाल्कनीतल्या बागेचं गणित

जूनचा पहिला दमदार पाऊस पडला की पनवेलकरांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे गरमागरम भजी आणि दुसरी म्हणजे नर्सरी. मिरची, टोमॅटो, मोगरा, गुलाब, जास्वंद असं सगळं घरी येतं. बाल्कनीत कुंड्यांची रांग लागते, फोटो स्टेटसला जातात.

गणपती येईपर्यंत चित्र बदलतं. तुळशीच्या काड्या उरतात, टोमॅटोची पानं पिवळी पडतात, गुलाबाच्या पानांवर काळे डाग दिसतात. तग धरून असतो तो फक्त अळू. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “आपल्या हाताला गुणच नाही.” कुंड्या कोपऱ्यात जातात आणि पुन्हा बाहेर निघतात त्या पुढच्या जूनमध्ये.

पण रोप मरण्याचा आणि हाताच्या गुणाचा खरंच काही संबंध आहे का? बहुतेक वेळा नाही. रोप मरतं ते ऊन, पाणी आणि वेळ या तीन गोष्टींचा हिशोब चुकल्यामुळे. पनवेलमध्ये हा हिशोब कसा मांडायचा, ते बघूया.

आधी बाल्कनीची दिशा बघा

आपल्याकडे पूर्वी परसबाग असायची. घरामागच्या मोकळ्या जागेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळायचं. आता खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल असा सगळा भाग इमारतींनी भरला. बाग मातीतून कुंडीत आली आणि कुंडी बाल्कनीत. बाल्कनीला मात्र एकाच बाजूने आकाश दिसतं, डोक्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब असतो.

टोमॅटो, मिरची, वांगी, मोगरा, गुलाब यांना रोज साधारण सहा तास थेट ऊन लागतं. मेथी, पालक, कोथिंबीर यांचं तीन-चार तासांवर भागतं. पुदिना आणि अळू कमी उन्हातही जगतात. खोलीत भरपूर उजेड आहे म्हणजे ऊन आहे असं नाही. पानावर थेट किरण पडतात का, हे महत्त्वाचं.

यात एक गंमत आहे. पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हेच ते ‘शून्य सावली दिवस’. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला इतका कलतो की दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर दिसतो.

याचा बागेशी संबंध काय? दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. म्हणजे हिवाळी भाज्यांसाठी ही जागा उत्तम. उत्तरेकडच्या बाल्कनीचं उलटं असतं. तिथे मे-जूनमध्ये ऊन येतं आणि डिसेंबरमध्ये थेट किरणही येत नाही. मे महिन्यात ऊन बघून तिथे गुलाब लावला, तर दिवाळीनंतर तो रुसणारच. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं, ते बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेला दुपारनंतरचं कडक ऊन असतं. तिथे एप्रिल-मेमध्ये ग्रीन नेट लावावं लागतं.

म्हणून रोप आणण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला बाल्कनीचा फोटो काढा. ऊन कुठे आणि किती वेळ पडतं ते कळेल. समोर नवा टॉवर उभा राहत असेल तर पुढच्या वर्षी हा हिशोब पुन्हा करावा लागेल.

रोपं तहानेने कमी, पाण्याने जास्त मरतात

रायगड जिल्ह्यात पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात आहे. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. जमिनीत हे पाणी मुरतं, वाहून जातं. कुंडीत ते जाणार कुठे?

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत ही हवा असते. त्या फटी दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं झाड सुकलं, आणि आपण आणखी पाणी घालतो. इथेच खेळ संपतो.

यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर. पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड खड्यांत लगेच उतरत नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच थांबून राहतं. वर मातीची जागा कमी झाली ती वेगळीच. भोकातून माती जाऊ नये म्हणून त्यावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी पुरेशी आहे.

खरा उपाय मातीतच आहे. नुसती लाल माती पावसात दाबली जाऊन घट्ट बसते. माती, कोकोपीट आणि गांडूळखत किंवा नीट कुजलेलं शेणखत साधारण सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीला खाली तीन-चार भोकं हवीत आणि ती जमिनीला चिकटता कामा नयेत. खाली दोन विटा किंवा स्टँड ठेवला की काम झालं. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

आणि कुंडीखालच्या बशा? पावसाळ्यात त्या काढूनच ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवे डास तयार होतात. बशी काढता येत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासून घ्या. इथे प्रश्न फक्त झाडाचा नसतो.

आता दुसरी बाजू. पनवेल शहराला पाणी देणारं देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठतं आणि ऐन एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू होते. ज्या गावात जुलैत कुंडी बुडते, तिथेच मे महिन्यात बादलीचा हिशोब करावा लागतो. अशा वेळी तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी कामी येतं. मात्र त्यात मीठ किंवा साबण नको. वॉटर प्युरिफायरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते रोज घातलं तर मातीवर पांढरी खपली धरते. मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर पसरला तर ओल जास्त वेळ टिकते.

टोमॅटो जूनमध्ये लावायचा नसतो

तिसरी चूक वेळेची. नर्सरीत सगळी रोपं बारा महिने मिळतात, म्हणून ती बारा महिने लावता येतात असं आपल्याला वाटतं.

टोमॅटोचंच बघा. त्याला फळ धरायला रात्रीचं तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलेलं मानवतं. रात्रीही उकडत असेल तर फुलं येतात आणि गळून जातात. पनवेलमध्ये तशा रात्री मिळतात डिसेंबर-जानेवारीत. म्हणून बी टाकायचं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. कोथिंबीर आणि पालकही थंडीत खुलतात. उन्हाळ्यात कोथिंबिरीला पानं कमी आणि तुरे लवकर येतात.

ढोबळ वेळापत्रक असं ठेवता येईल:

- जून-जुलै: भेंडी, दोडका, काकडी, पडवळ, अळू. कोकणातल्या परसात पावसाळ्यात हेच वेल मांडवावर चढायचे, ते उगाच नाही.
- दसऱ्याच्या अडीच-तीन महिने आधी: झेंडू. सणाला फुलं हवी असतील तर बी आधीच पडायला हवं.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: टोमॅटो, वांगी, मिरची. पाऊस ओसरला की गुलाबाची छाटणी.
- नोव्हेंबर ते जानेवारी: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. मोगऱ्याची छाटणीही थंडीतच, कारण त्याला कळ्या नव्या फुटीवर येतात.

मेथी तीन-चार दिवसांत उगवते. कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात. धणे हलके रगडून दोन भाग केले नाहीत तर त्याहून जास्त. बरेच जण आठव्या दिवशी बी खराब होतं म्हणून माती उकरतात आणि नुकता फुटलेला कोंब मोडतात.

फुलं येतात, पण फळ का धरत नाही?

वेल बहरतो, पिवळी फुलं दिसतात आणि आठवड्यात सगळी गळतात. काकडी, दोडका, दुधी यांच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि ती गळणारच. मादी फूल ओळखणं सोपं आहे, त्याच्या मागे बोटभर लांबीचं इवलंसं फळ दिसतं.

नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत नेतात कीटक. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते येतीलच असं नाही. मग हे काम आपण करायचं. ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवायचा. वेळ मात्र सांभाळा. काकडीचं फूल सकाळी उमलतं, तर दोडक्याचं आणि दुधीचं संध्याकाळी. दुधीच्या वेलापाशी सकाळी दहा वाजता ब्रश घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

शेवंतीचं दुखणं आणखी वेगळं. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळ्या धरतात. बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू राहिला तर झाडाला रात्र लहानच आहे असं वाटतं आणि कळ्या लांबतात. ऑक्टोबरमध्ये शेवंतीची कुंडी अंधाऱ्या बाजूला ठेवा, किंवा दिवा बंद करा.

जास्वंदीवर दिसणारा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो एक-दोन फांद्यांवर असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, जास्त लागलेली फांदी कापून टाका. उरलेल्यासाठी एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर सावध व्हा. या किडीतून पाझरणारा गोड चिकट द्रव खायला मुंग्या येतात आणि त्या बदल्यात किडीची राखणही करतात.

वजनाचं काय?

बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती बसते. ओली झाली की तिचं वजन २५ किलोच्या आसपास जातं. अशा वीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. भारतीय मानकांनुसार घराच्या बाल्कनीचं डिझाइन दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरून करतात. त्यातच माणसं, वॉशिंग मशीन, पाण्याचं पिंप सगळं आलं. इमारत जुनी असेल, स्लॅबला तडे असतील, तर इंजिनियरला विचारल्याशिवाय कुंड्या वाढवू नका. आणि कठड्यावर कुंडी कधीच नको. पावसाळी वाऱ्यात ती खाली पडली तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

माती कमी करूनही बाग होते, याचं उदाहरण हार्बर लाईनच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या गोदीत आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास तिथल्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. मार्गदर्शन होतं डॉ. आर. टी. दोशी यांच्या पद्धतीचं. उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यातच झाडं वाढवायची, माती अगदी थोडी. रोज निघणारा भाज्यांचा कचरा झाडांच्या कामी आला आणि गच्चीवर भाज्या, फळं पिकू लागली. घरी एवढं जमणार नाही, पण भाज्यांची देठं आणि सालं भोकं पाडलेल्या बादलीत सुक्या पानांबरोबर थर देऊन कुजवली, तर दोन-तीन महिन्यांत खत मिळतं. हलकं आणि फुकट.

मग पैसे वाचतात का?

खरं सांगायचं तर फारसे नाही. टोमॅटोच्या एका रोपाने सगळ्या हंगामात दीड-दोन किलो दिले तरी उत्तम म्हणायचं. कुंडी, माती, खत यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी बाजारातला टोमॅटोच स्वस्त पडतो. बाल्कनीवर घरची भाजी भागत नाही.

फायदा होतो तो थोडी थोडी पण रोज लागणाऱ्या गोष्टींत. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, चार मिरच्या, देवाला दोन फुलं. या गोष्टी विकत घेतल्या की अर्ध्या फ्रिजमध्ये सडतात. कुंडीतून हवं तेवढंच तोडता येतं.

म्हणून सुरुवात वीस कुंड्यांनी करू नका, चारने करा. एक पुदिन्याची, एक मिरचीची, एक मेथीची आणि एक आवडत्या फुलाची. दिशा बघून जागा ठरवा आणि प्रत्येक कुंडीवर लागवडीची तारीख लिहा. एखादं रोप मेलंच तर ते उपटून मुळं बघा. काळी पडलेली, मऊ मुळं म्हणजे पाणी जास्त झालं. कोरडी, ठिसूळ मुळं म्हणजे पाणी कमी पडलं. मुळं पांढरी आणि धडधाकट असतील तर चूक उन्हाची किंवा हंगामाची असण्याची शक्यता जास्त. पुढच्या रोपाच्या वेळी काय बदलायचं, ते तिथेच कळतं.