चेंडू हिसकावणारा प्रत्येक कॉर्नरबॅक एनएफएलमध्ये टिकतोच असं नाही

कबड्डीत कोपऱ्यावरच्याचा एक पाय चुकला की अख्खी फळी उघडी पडते. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅकचं दुखणं तसंच. मैदानाच्या कडेला समोरच्या संघाच्या वेगवान रिसीव्हरला तो बहुतेकदा एकटा सांभाळतो. रिसीव्हरला कुठे वळायचं ते आधीच ठाऊक असतं. याला ते उलट पावली धावताना ओळखावं लागतं. म्हणूनच कॉलेजातला असा पोरगा व्यावसायिक संघात घ्यावा का, हे ठरवताना भलेभले चुकतात.

२०२३ चा ड्राफ्टच बघा. ड्राफ्ट म्हणजे एनएफएलच्या ३२ संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडणं, एकूण सात फेऱ्या. वॉशिंग्टनने १६ व्या क्रमांकावर मिसिसिपी स्टेटचा इमॅन्युएल फोर्ब्स घेतला. कॉलेजात त्याने १४ वेळा चेंडू मधेच हिसकावला होता, त्यातले सहा थेट टचडाऊनपर्यंत नेले होते. हा कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटातला विक्रम. इंडियानापोलिसच्या कम्बाइन चाचणीत ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, तो ४.३५ सेकंदांत धावला. सगळं झकास. फक्त वजन भरलं १६६ पौंड, जेमतेम ७५ किलो.

पहिल्याच हंगामात गाठ पडली फिलाडेल्फियाच्या ए. जे. ब्राउनसारख्यांशी. हा गडी शंभर किलोच्या वर. त्या सामन्यात त्याने वॉशिंग्टनविरुद्ध १७५ यार्ड कमावले. हंगाम अर्ध्यावर यायच्या आत फोर्ब्स बाकावर बसला आणि दुसरा हंगाम संपण्याआधी संघाने त्याला सोडूनच दिलं. मग लॉस अँजेलिस रॅम्सने त्याला उचललं.

गंमत अशी, की त्याच्या लगेच पाठोपाठ १७ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने ओरेगॉनचा क्रिस्टियन गोंझालेझ घेतला होता. वजन १९७ पौंड, साधारण ८९ किलो. कॉलेजात हिसकावलेले चेंडू फक्त चार. २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात होता.

म्हणजे चेंडू हिसकावण्याचा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. चेंडू हाती लागायला आधी तो आपल्या बाजूला यावा लागतो. ज्याची पकड घट्ट, त्याच्याकडे क्वार्टरबॅक फेकतच नाही. सिनसिनाटीचा सॉस गार्डनर तीन वर्षांत आपल्यावर एकही टचडाऊन पास होऊ न देता २०२२ मध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. पहिल्या हंगामात त्याने चेंडू हिसकावले दोनच, तरी वर्षातला सर्वोत्तम नवखा बचावपटू तोच ठरला.

आणखी एक भानगड नियमांची. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावून अडवलं की दंड. कॉलेजात ही पाच यार्डांची रेघ नाही. त्यामुळे तिथे हाताच्या जोरावर निभावणारा पोरगा इथे उघडा पडतो. म्हणून जाणकार निवडकर्ते चित्रफितीत हिसकावलेले चेंडू नंतर बघतात. आधी बघतात ते चेंडू दुसरीकडेच गेलेले डाव: कंबर किती पटकन वळली, आणि रिसीव्हर निसटल्यावर याने त्याचा शर्ट धरला की नुसत्या पायांनी गाठलं.