साठ्याचा कंट्रोलर : थांबविण्याची व पुन्हां चालविण्याची रीत



आमच्या धर्माबाद तालुक्यांत गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याचे दरवाजे केव्हां उघडावयाचे हें सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानें ठरलेलें आहे : १ जुलै ते २८ ऑक्टोबर ते उघडे ठेवावयाचे, आणि १ मार्च रोजीं ०.६ टी. एम. सी. पाणी खालच्या पोचंपाड जलाशयाकडे सोडावयाचें. साठा ज्यांच्या हवालीं असतो, त्यांना मनास येईल तेव्हां दरवाजा हालवितां येत नाहीं. आजचा आपला साठा पाण्याचा नसून नोंदींचा आहे. पण शिस्त तीच.

बँका व इस्पितळें यांच्या नोंदींसाठीं अनेक डिस्क एका पेटींत बसवितात. तिला स्टोरेज ॲरे म्हणतात. तिचा कारभार कंट्रोलर पाहतो, आणि भरंवशाच्या पेटींत असे दोन कंट्रोलर असतात. आलेली नोंद कंट्रोलर प्रथम कॅश नांवाच्या शीघ्र स्मृतींत घेतो, ‘पोंचली’ असें कळवितो, व मग ती डिस्कवर उतरवितो. धोका आहे तो ह्या मधल्या अवकाशांत. मिरचीचा व्यापारी पैसे भरून, पावती घेऊन घरीं गेला. पण नोंद अद्यापि कॅशमध्येंच असेल, तर त्याच क्षणीं अविचारानें केलेली उठाठेव ती पुसून टाकूं शकते. म्हणूनच कॅशची जुळी प्रत दुसऱ्या कंट्रोलरपाशीं ठेवितात.

आतां कंट्रोलर अडखळूं लागला, तर काय करावें? एचपीई कंपनीची एमएसए पेटी उदाहरणार्थ घेऊं. तिला आज्ञा टंकून देतां येतात. प्रथम ‘शो रिडंडन्सी-मोड’ ही आज्ञा देऊन जोडीदार कंट्रोलर धडधाकट आहे ना, हें पाहावें. तो आधींच बंद असेल, तर दुसराही थांबतांच सारा साठा वापरणाऱ्यांस दिसेनासा होईल. नंतर ‘शो अनरायटेबल-कॅश’ ह्या आज्ञेनें डिस्कवर उतरूं न शकलेला मजकूर किती टक्के आहे तें पाहावें. तेथें शून्य नसेल, तर हात आवरावा. प्रत्येक संगणकास दोन्ही कंट्रोलरांकडे जाणारा मार्ग आहे, आणि नोंदींची निराळी प्रत सुरक्षित आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

कंट्रोलरचीं दोन अंगें असतात. ‘एमसी’ हें देखरेखीचें, तर ‘एससी’ हें प्रत्यक्ष साठ्याचें. केवळ देखरेखीचें पान उघडत नसेल, तर ‘रिस्टार्ट एमसी ए’ एवढेंच पुरे. नोंदींची ये-जा चालूच राहते. ‘रिस्टार्ट एससी ए’ म्हटलें, म्हणजे कंट्रोलर नवें काम घेणें थांबवितो, कॅश डिस्कवर रिती करतो, कारभार जोडीदाराकडे सोंपवितो, व मगच पुन्हां उठतो. तारेचा खटका ओढणाऱ्यास ही क्रमवार निरवानिरव साधत नाहीं.

दोन्ही कंट्रोलर एकदम कधींही थांबवूं नयेत. पहिला परतून जोडी पुन्हां पूर्ण झाल्याचें पडद्यावर दिसेपर्यंत दुसऱ्यास हात लावूं नये. बँकेच्या खिडकीशीं ‘थोडें थांबा’ असें ऐकूं आलें, तर त्यामागें कदाचित् असाच एखादा जपून काम करणारा मनुष्य असेल. त्याची घाई करूं नये, कारण तो आपलीच ठेव सांभाळीत असतो.