परदेशी पदवीनंतरची दुसरी परीक्षा

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोन सत्रांत होणाऱ्या या परीक्षेत ३०० पैकी किमान १५० गुण लागतात आणि अलीकडच्या अनेक सत्रांत बहुसंख्य उमेदवार अनुत्तीर्ण झाले आहेत. प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असल्याने ही चाळणी कडक असणे योग्यच आहे. परंतु उत्तीर्ण झालेल्यांच्या वाट्याला त्यानंतर कागदपत्रांचा जो फेरा येतो, त्याचे समर्थन करणे अवघड आहे.

पदवीपत्रावर ‘अपोस्टिल’, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार पदवी देणाऱ्या देशातील नियुक्त अधिकाऱ्याने केलेले साक्षांकन, किंवा तेथील भारतीय दूतावासाचे साक्षांकन लागते. चीनमध्ये हा करार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला, त्यामुळे तेथून आधी परतलेल्यांना दूतावासाखेरीज मार्ग नव्हता. त्यातच दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर ते शेवटी आणि रशियन लिपीतून पुन्हा रोमन लिपीत उतरताना नावातील एखादे अक्षर बदललेले, एवढ्या तफावतीवरूनही नोंदणीच्या अर्जात ‘त्रुटी’ निघू शकते. ती दूर करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे, तर पुढची त्रुटी त्यानंतर कळते.

करोनाकाळात आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर ज्यांचे वर्ग ऑनलाइन झाले, त्यांची अडचण याहून मोठी ठरली. प्रत्यक्ष रुग्णाजवळ उभे राहून शिकण्याची भरपाई झाली पाहिजे, ही राष्ट्रीय वैद्यक आयोगाची भूमिका तत्त्वतः रास्त आहे. मात्र शिक्षण सुरू असताना किंवा संपल्यावर निघालेल्या परिपत्रकांमुळे इंटर्नशिप नेमकी किती काळ करायची, हेच अनेकांना निश्चित कळेना. शिवाय इंटर्नशिपसाठी महाविद्यालयांत अशा पदवीधरांना जागा मोजक्याच असतात, म्हणून परीक्षा सुटूनही रांग सुटत नाही, आणि इंटर्नशिप पूर्ण होईपर्यंत महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कायम नोंदणी मिळत नाही.

भिवापूरसारख्या, मिरचीसाठी नावाजलेल्या आणि शेतीवर जगणाऱ्या तालुक्यातील कुटुंबाने कर्ज काढून मुलाला बाहेर पाठवले असेल, तर या काळात कर्जाचे व्याज चालू राहते, कमाई मात्र सुरू होत नाही. ग्रामीण भागाला डॉक्टर हवे असताना परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस असा खोळंबून राहणे हे समाजाचेही नुकसान आहे. अर्जातील सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवणे आणि निर्णयाला ठरावीक मुदत असणे, एवढी शिस्त यंत्रणेने पाळलीच पाहिजे.

पालकांनीही प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम वाचावेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परतल्यावर भारतात आणखी १२ महिने. यांपैकी एकही अट अपुरी असेल, तर एजंट काहीही सांगो, तेथे प्रवेश घेऊ नये.