संकटकाळीं यंत्राचा सल्ला

नांदेड शहराच्या वरच्या अंगास गोदावरीवर विष्णुपुरीचा बंधारा आहे. भर पावसाळ्यांत तेथील अधिकाऱ्यापुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो. जायकवाडीचें पाणी गोदावरींतून, माजलगांवचें सिंदफणेंतून आणि येलदरी-सिद्धेश्वरचें पूर्णेंतून येथेंच पोंचतें. दरवाजे लवकर उघडले आणि पाऊस थांबला, तर उन्हाळ्यांत घागरी रित्या राहतात. उशिरा उघडले, तर नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतें. पाण्याचें मोल या भागास शिकवावें लागत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें.

अशा वेळीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र साहाय्यास येऊं शकतें. अनेक वर्षांचा पाऊस, नदीची पातळी आणि धरणांतील विसर्ग यांच्या नोंदी त्यास पुरविल्या, म्हणजे त्यांतील परस्परसंबंध तें शोधून काढतें. आणि आज वर अमुक पाऊस झाला असतां नांदेडास पाणी किती तासांनीं व किती चढेल, याचा अंदाज क्षणांत मांडतें.

मात्र असें यंत्र रचतांना तीन गोष्टी पाळिल्या पाहिजेत. पहिली, त्यानें नुसता आंकडा देऊं नये. तो किती चुकूं शकेल, हेंही सांगावें. दुसरी, अनुमान कोणत्या नोंदींवरून निघालें, तें अधिकाऱ्यास दिसावें. कारण एखादा पर्जन्यमापक बंद पडला, तर पाऊस झालाच नाहीं असें यंत्र समजेल. तिसरी, आपलें ज्ञान कोठें संपतें, हें त्यानें स्पष्ट सांगावें.

या तिसऱ्या गोष्टीचें महत्त्व किल्लारीवरून कळतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झालेल्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं दडपलीं. १९९२ सालींही तेथें लहान धक्के बसले होते. पण त्यांवरून मोठा धक्का केव्हां येईल, हें सांगण्याची विद्या आजही कोणापाशीं नाहीं. तेथें यंत्राचा उपयोग धक्क्यानंतरचा: कोणत्या गांवीं घरें अधिक पडलीं, तेथवर कोणता रस्ता खुला आहे, हें उपग्रहाच्या चित्रांवरून लवकर ओळखण्याचा.

दरवाजा उघडावा कीं नाहीं, हा प्रश्न केवळ गणिताचा नव्हे. कोणाचें नुकसान पत्करावें, याची ती निवड आहे. आणि तिचा जाब लोक अधिकाऱ्यास विचारतात, यंत्रास नव्हे. म्हणून मुनिमाप्रमाणें यंत्रानें हिशेब चोख मांडावा. सही अधिकाऱ्याचीच असावी.